खाकरून येणारे आबा

लिंबाजी आबांना मी पाहिलं त्याच्या आधी ऐकलं. तेलगावच्या पुढे रस्त्याला लागून आमचं जिनिंग आहे, कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. तिथे मी मशीन विभागात नवा लागलो होतो आणि पहिल्या दिवशी शेडच्या दारात उभा राहून कापसाचे तंतू नाकातोंडातून काढत होतो. आत जिन मशिनींचा एवढा खडखडाट, की शेजारचा माणूस काय बोलतो ते त्याच्या ओठांवरून ओळखावं लागे. त्या गोंगाटातून कुणीतरी घसा खाकरल्याचा मोठा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला, जरा पुढून. मग आणखी पुढून. मला वाटलं, कुणाला तरी दमा आहे आणि त्याला या धुळीत कामाला लावलंय. मग गाठींच्या थप्पीच्या आडून पांढरी टोपी, पायजमा आणि कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला सदरा घातलेला एक उंच, वाळलेला माणूस बाहेर आला. त्याचा श्वास अगदी शांत होता.

हे आमचे सुपरवायझर, लिंबाजी घोलप. सगळे त्यांना आबा म्हणत. मी भीतभीत विचारलं, "आबा, छातीचा काही त्रास आहे का?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "गाव कुठलं तुमचं?"

"चौसाळा."

"मग चौसाळकर, तुमचे वडील बाहीरून घरी येताना दारात खाकरत न्हवते?"

खाकरत होते. आमच्याकडे सगळ्यांचेच वडील खाकरत. सासरा, थोरला दीर, कुणीही वडीलधारा पुरुष उंबऱ्याच्या अलीकडे घसा साफ करतो. आतल्या सुनेला पदर नीट करायला, पसरलेले पाय आवरायला, बोलत असेल तर थांबायला तेवढा वेळ मिळतो. मी हो म्हणालो.

"मग इथं काय येगळं हाय? इथं बी लेकीसुनाच हायेत. बाप्ये बी जराशीक टेकत्यात, तंबाखू मळत्यात. माणूस हाय, मशीन न्हाई. मी आपला खाकरतो. ज्याला उठायचं त्यो उठतो. मी येईपतुर समदे कामाला लागलेले असत्यात आन् मला काही दिसत न्हाई."

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. ते मी पुढे इतक्यांदा ऐकलं, की मलाही तोंडपाठ झालं. "दिसलं की बोलावं लागतं, आन् बोललं की निभवावं लागतं. मग कावून बघायचं?"

याचा अर्थ आबा ढिले होते असा कुणी घेऊ नये. विडी ओढणाऱ्याच्या बाबतीत ते मांजराच्या पावलांनी येत. रुईच्या ढिगाशेजारी त्यांचा सख्खा भाचा एकदा विडी पेटवताना सापडला. आबांनी त्याच्या तोंडातून विडी काढली, स्वतःच्या तळहातावर चिरडली आणि त्याला त्याच पावली फाटकाबाहेर घातला. बहीण रडत आली, पाव्हणेरावळे आले, पण तो पोरगा परत कामावर आला नाही. मी म्हणालो, "आबा, तेव्हा खाकरला नाहीत." ते म्हणाले, "आगीला कुठं पदर असतो?" आणि तळहातावरचा फोड बघत बसले.

आमच्या शेडमध्ये एक लांब पट्टा आहे. त्याच्यावरून कापूस सरकत जातो आणि दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहून त्यातला पाला, न फुललेल्या बोंडाची कवडी, सुतळीचे तुकडे वेचून काढतात. दिवसभर उभं राहायचं. मालकांचा तसा नियमच होता, कारण बसलेल्या बाईचा हात पट्ट्याच्या मधोमध पोचत नाही. त्या बायकांत एक गयाबाई होती. चाळिशीही नसेल, पण बघणाऱ्याला पन्नाशीची वाटे. लग्न झालं तशी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात होती, दोन मुली झाल्या, पोटात दुखायला लागलं, आणि कुठल्याशा खाजगी दवाखान्यात तिची पिशवी काढून टाकली. आमच्या भागात हे कुणाला नवल वाटावं असं राहिलेलं नाही. तेव्हापासून मोळी डोक्यावर घेतली की तिच्या कमरेत कळ येऊन डोळ्यांपुढे अंधारी येई. नवरा आता भावाच्या जोडीने कारखान्यावर जाई आणि ही दोन मुलींना घेऊन गावात राहून जिनिंगवर येई. मुली शाळेत होत्या त्या एवढ्याच बळावर. इथली जागा गेली असती तर दसऱ्यानंतर तिला पुन्हा कोयता घेऊन नवऱ्यामागे जावं लागलं असतं आणि मुलींनाही फडात न्यावं लागलं असतं.

दुपारपर्यंत ती कशीबशी उभी राही. जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र तिला उभं राहता येत नसे. मग शेजारच्या चौघी जरा जरा सरकून तिची जागा भरून काढत आणि गयाबाई मागच्या शेडमध्ये, गाठींच्या थप्पीमागे बारदानावर जाऊन आडवी होई. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. आबांना तर होतंच, कारण जेवणानंतर गाठींना हात लावून कुठे आग धुमसायच्या आधीची ऊब धरली आहे का ते बघायला ते रोज तिकडेच जात. वळणाच्या बऱ्याच अलीकडे ते खाकरत. ते थप्पीमागे पोचेपर्यंत गयाबाई पदर खोचून पट्ट्याकडे निघालेली असे. ते मागून शेवटपर्यंत जाऊन परत येत, आणि मग ती पुन्हा जाऊन पडे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यावर कुणी कधी एक शब्द बोललं नव्हतं.

मग तो चष्मा आला.

आमच्या मालकांची अशी चार जिनिंगं आहेत आणि मुख्य कचेरी पुण्याला. हंगाम संपत आला होता, उन्हाने पत्रे तापत होते, माणसं नुसती ओढत नेल्यासारखी कामावर येत होती, आणि अशात पुण्याहून निरोप आला की एक नवीन स्मार्ट चष्मा तुमच्याकडे वापरून बघायचा आहे. कामाचा आहे की नाही ते ठरवायचं. चष्मा घालणाऱ्याला जे दिसतं ते सगळं पुण्यातल्या इंजिनिअरला पडद्यावर दिसतं, आणि तिकडून इंजिनिअरने खूण केली की ती चष्म्याच्या काचेवर उमटते, जणू समोरच्या मशीनवरच काढली आहे. एक इंजिनिअर पुण्यात बसून चारही जिनिंगं सांभाळू शकेल का, हा त्यामागचा हिशेब. चष्मा घालायचं काम आबांकडे आलं, कारण आबांनी घातला तर बाकीचे घालतील हे मॅनेजरला माहीत होतं. रोज संध्याकाळी त्यांना प्रश्न विचारून अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आबा त्या हंगामाच्या शेवटी निवृत्त होणार होते. मालकांनी त्यांना आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायचं तोंडी कबूल केलं होतं. आबांना ती दोन वर्षं हवी होती. बायको जाऊन बराच काळ झाला होता, मुलगा-सून चाकणला, घरात हे एकटे. मी एकदा त्यांच्याबरोबर घरी गेलो होतो. कुलूप काढून दार ढकलण्याआधी ते उंबऱ्यापाशी थांबले आणि खाकरले. मी विचारलं, "आत कोण आहे?" म्हणाले, "कोन असतंय? पर तसंच कसं घुसायचं?" मग त्यांनी मला चहा करून दिला. साखर कुठल्या डब्यात आहे ते शोधायला त्यांना वेळ लागला.

पुण्याहून चष्मा घेऊन केतकी मॅडम आल्या. इंजिनिअर, वयाने आबांच्या सुनेएवढ्या, बोलायला नीट. दोन दिवस राहून त्यांनी सगळं शिकवलं. काळी जाड चौकट, उजव्या डोळ्यापुढे काचेचा छोटा ठोकळा, कानामागे बॅटरी, गालाजवळ माईक. आबांनी तो टोपीखालून चढवला आणि आरशात बघून म्हणाले, "बैलाला झापड बांधल्यावाणी दिसतंय." बायका हसल्या. पण मॅडम पुण्याला परत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आबा चष्मा घालून फिरायला निघाले, तेव्हा पट्ट्यावरच्या बायका हसल्या नाहीत. त्यांनी पदर पुढे ओढले. एकीने विचारलं, "आबा, पुण्याचे समदे बघायलेत व्हय आमाला?"

आबांनी मान खाली घातली आणि तसेच चालत राहिले. मी ऑफिसात संगणकावर तेच चित्र बघत होतो. सगळी फरशी. सरकी, तंतू, आबांच्या चपलांचे अंगठे, पुन्हा फरशी.

"आबा," केतकी मॅडमचा आवाज आला, "मला फक्त जमीन दिसतेय. जरा वर बघाल का?"

"बायका हायेत, मॅडम."

"अहो, मी पण बाईच आहे की."

"तुमी हायेत. पर तुमच्या मागं कोन हुबं हाय ते मला कुठं दिसतंय?"

मग मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. पुढच्या मशीनपाशी गेलात की सांगा."

संध्याकाळी मी अहवालाचे प्रश्न घेऊन बसलो. चष्म्याचं वजन वाटतं का? कान तापतो का? डोळ्यांवर ताण येतो का? मान दुखते का? आबा खाटेवर टेकून डोळे मिटून उत्तरं देत होते. "कान तापतो. काचंवर कापूस बसतो, घडीघडी पुसावं लागतं. डोळ्याला काय न्हाई. मान मातर दुखती."

"वजनामुळे?"

"न्हाई हो. खाली घालून घालून."

हे अहवालात कसं लिहायचं ते मला कळेना. मी 'मानेस त्रास' एवढंच लिहिलं.

चष्मा वाईट होता असं म्हणण्याची सोय आम्हाला उरली नाही, कारण त्याच आठवड्यात प्रेस बंद पडला. गाठी बांधणारा प्रेस थांबला की मागे रुईचे डोंगर साचतात. एरवी जालन्याहून मेकॅनिक बोलवायचा, त्याने आज येतो उद्या येतो करायचं आणि तोवर आम्ही मालकांच्या शिव्या खायच्या. या वेळी आबा चष्मा घालून प्रेसच्या पंपापाशी उकिडवे बसले. मॅडमनी पुण्याहून हिरवा बाण काढला तो थेट एका व्हॉल्व्हवर. "हा खोला आबा. हळू. आता याच्या मागचा." आत रबराचे झिजलेले तुकडे अडकले होते. ते काढले, साफ केलं, आणि चहाच्या वेळेपर्यंत प्रेस चालू झाला. आबा हात पुसत बराच वेळ त्या व्हॉल्व्हकडे बघत राहिले.

"पुण्याहून बोट लावून दाखवलं की हो पोरीनं," ते मला म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी प्रश्नांची वाटही बघितली नाही. "लिवा चौसाळकर. चष्मा चांगला हाय. लई चांगला हाय. मशीन उघडलं तर डोळ्याला लावावा, मशीन मिटलं की खिळ्याला टांगावा. दिवसभर घालून हिंडायची चीज न्हाई ती."

मी तसंच लिहिलं. वरून उत्तर आलं की फेऱ्या मारतानाही चष्मा सलग घालणं हा चाचणीचा भाग आहे, चालू ठेवा. आबांनी ते ऐकलं आणि नुसतं "बरं" म्हणाले. सबंध आयुष्यात त्यांनी मालकांच्या शब्दाला 'बरं' खेरीज काही म्हटलं नसावं.

पुढे जे झालं त्यात कुणाचा काही वाईट हेतू नव्हता, आणि म्हणूनच त्याचा विचार करून थकायला होतं. कुणावर राग काढावा असा कुणी सापडतच नाही. झालं असं की आबांच्या त्या खाकरण्याचा केतकी मॅडमना त्रास होऊ लागला. माईक गालाशी, आबांचा घसा तोफेसारखा, आणि मॅडम कानाला यंत्र लावून दिवसभर ऐकत बसलेल्या. बिचारीने बरेच दिवस सहन केलं. मग एका संध्याकाळी फारच संकोचून म्हणाल्या, "आबा, राग मानू नका. खाकरताना जरा माईक बाजूला कराल का? माझा उजवा कान कालपासून दुखतोय."

आबांचा चेहरा पडला. "अगं माय," ते म्हणाले, "इतके दिस पोरीच्या कानात खाकरत व्हतो मी? आधी सांगायचं की." त्यांनी तिची पुन्हा पुन्हा माफी मागितली. चष्मा काढल्यावरही ते मला तेच सांगत राहिले, की लेकीएवढी पोर, तिच्या कानाशी आपण खाकरलो, कसं दिसलं ते. माईक बाजूला करायचा म्हणजे काय ते त्यांना नीट उमगलंच नव्हतं. त्यांनी आपल्या पद्धतीने उपाय केला. दुसऱ्या दिवशी ते तोंडाला रुमाल बांधून आले आणि खाकरायचंच नाही असं त्यांनी ठरवलं. पोरीचा कान जपायचा एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. वळणापलीकडे कोण असतं याचा विचार ना त्यांच्या मनात आला, ना माझ्या.

जेवणानंतरची वेळ होती. मी ऑफिसात पंख्याखाली पेंगत पडद्याकडे बघत होतो. गाठी, गाठी, आबांचा हात एका गाठीवर, पुढच्या गाठीवर. मग वळण आलं, आणि पडद्यावर बारदान दिसलं. त्यावर दोन पाय, भेगाळलेल्या टाचांचे. वर सरकलेला पदर, गालाखाली हात. गयाबाई गाढ झोपली होती. तोंड जरासं उघडं होतं. मी तिला रोज बघत होतो, पण झोपेत ती इतकी लहान दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

चित्र हललं नाही. एरवी बाईमाणूस दिसताच फरशीकडे वळणारी ती नजर या वेळी वळली नाही. आबा उभे होते ते उभेच राहिले.

"आबा, या कोण?" केतकी मॅडमनी विचारलं. "कामाच्या वेळेत आहेत का?"

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, पण इथून काय करणार?

"आबा, हे सगळं रेकॉर्ड होतंय," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दटावणी नव्हती, सावध करण्याचाच सूर होता. "मला ते पुसता येत नाही. आपोआप वर जातं."

"माझा आवाज बी जातो का?"

"हो."

"मग नीट जाऊ द्या." आबांनी तोंडावरचा रुमाल खाली केला असावा, कारण आवाज एकदम स्वच्छ झाला. पण ते हळू बोलत होते, तिची झोप मोडू नये इतकं हळू. "मी लिंबाजी घोलप, सुपरवायझर. ही बाई आजारी हाय. हिला मीच निजाया सांगितलंय, माझ्या हुकमानं. रोज सांगतो. हिच्या कामात खोट न्हाई. जे काय असंल ते माझ्यावर."

हे खोटं होतं. त्यांनी तिला कधी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्यात दोन वाक्यं बोलणं झालेलं मी तरी ऐकलं नव्हतं. मग चित्र तिरपं झालं, छताचे पत्रे गरकन फिरून गेले, आणि पडदा काळा झाला. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात टाकला होता. पलीकडून केतकी मॅडमचा श्वास ऐकू येत होता.

दोन दिवसांनी पुण्याहून पडद्यावर मीटिंग झाली. तिकडे बसलेल्या साहेबांनी गयाबाईला ठेकेदारामार्फत कमी करावं असं सुचवलं. आवाज चढवून नाही, फाइल पुढे सरकवावी तसं. आबा उभे राहिले. टोपी हातात होती. म्हणाले, "सायेब, माझ्या हुकमानं निजलेल्या बाईला काढायचं म्हंजी आदी मला काढावं लागंल. रेकॉर्डात हाय तसं." साहेबांनी कुणाशी तरी बोलून विषय पुढे ढकलला. गयाबाई राहिली. आबांनाही कुणी काढलं नाही. फक्त ती दोन वर्षं, जी मालकांनी तोंडी कबूल केली होती, त्यांच्याबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही आणि आबांनी विचारलं नाही.

केतकी मॅडमनी मला फोन केला. "माझ्यामुळे झालं का हे?" त्यांचा आवाज भरून आला होता. मी नाही म्हणालो. आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तिचं काय चुकलं? तिचा कान दुखत व्हता." चाचणीचा शेवटचा अहवाल मी वाचून दाखवला. चष्मा कामाचा आहे, घ्यावा, असा त्यात निष्कर्ष होता. आबांनी खाली सही केली. मी त्यांच्याकडे बघत राहिलो तर म्हणाले, "प्रेस चालू झाला का न्हाई? मग खोटं कसं लिवायचं?"

त्यानंतर एका दुपारी गयाबाई आबांपाशी जाऊन काहीतरी बोलताना मी लांबून बघितलं. पदर डोक्यावर, नजर खाली. आबांनी टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली. ती पट्ट्याकडे गेली. दुसऱ्या दिवसापासून आबा जेवणानंतर मागच्या शेडकडे जायचे बंद झाले. गाठींना हात लावायचं काम ते सकाळी आल्या आल्या उरकून घेत आणि दुपारभर प्रेसपाशी स्टुलावर बसून राहत. मला वाटलं, म्हाताऱ्याने धसका घेतला. मला फार वाईट वाटलं. हंगाम संपला, शाल-नारळ देऊन त्यांना निरोप दिला. भाषण करा म्हटल्यावर ते म्हणाले, "समद्यांनी संभाळून घेतलं," आणि खाली बसले.

पोळ्याच्या सुमारास ते गेले. घरात, भर दुपारी, झोपेत. शेजारणीने दूध घेऊन हाका मारल्या, तेव्हा कळलं.

दहाव्याला मी गेलो. मुलगा-सून चाकणहून आले होते, घरात पहिल्यांदाच इतकी माणसं होती. जिनिंगवरच्या बायका अंगणात लिंबाखाली बसल्या होत्या. त्यांच्यात गयाबाई होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "बाई, आबांनी तुमच्यासाठी लई केलं."

"केलं की, सायेब." ती जमिनीवर काडीने रेघा ओढत होती. मग म्हणाली, "आबांना मी एक गोष्ट सांगितलती. सांगाया नगं व्हती असं आता वाटतंय."

"कोणती?"

"त्या दिशी निजले म्हणून माफी मागाया गेलते. त्यांनी इचारलं, रोज खाकरल्यावर उठतीस, त्या दिशी कावून उठली न्हाईस? मी सांगितलं, आबा, खाकरणं आलंच न्हाई. मी तिथं जाऊन पडायची खरी, पर निज कुठली यायची? कान समदा तुमच्या खाकरण्याकडं. आता येतील, मग येतील. तुमचं खाकरणं झालं, की उठायचं, पट्ट्यावर जायचं, तुमी गेलात का परत येऊन पडायचं. कंबर टेकायची तेवढंच. त्या दिशी वाट बघू बघू, आवाज काय येईना, आन् डोळा लागला. इतक्या वर्सात तेवढी एकच निज झाली मला तिथं."

"मग आबा काय म्हणाले?"

"काय न्हाई. टोपी काढली. परत घातली."

तेव्हा मला कळलं, आबांनी दुपारची फेरी सकाळी का नेली ते. धसका वगैरे काही नव्हता. इतकं सोपं होतं ते, आणि एवढ्या वर्षांत आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. मला तिथे बसवेना. मी उठून रस्त्यावर आलो.

या हंगामात आबांच्या जागी मी आहे आणि चष्मा माझ्या कानावर आहे. फेऱ्या सलग घालूनच मारायच्या, असा आता नियम झाला आहे. केतकी मॅडमच अजून पुण्याहून बघतात. माझा कान तापतो, काचेवर कापूस बसतो, मान दुखते. मागच्या शेडच्या गाठी मी सकाळीच बघून घेतो. परवा केतकी मॅडमच्या मागून कुणा नव्या साहेबांनी विचारलं, की जेवणानंतरच्या फेरीत तो मागचा भाग कधीच का दिसत नाही? मी तोंड उघडायच्या आत केतकी मॅडम म्हणाल्या, "तिथलं सकाळी बघून होतं, सर. दुपारी तिकडे काही नसतं."